रंगमंचाकडे पाठ फिरवलेले मास्तर

मास्तर नाटकाला जायचे ते नाटक बघायला नव्हे. पहिल्या रांगेचं तिकीट काढायचे, पडदा वर गेला की खुर्चीत उलटे वळायचे आणि रंगमंचाकडे पाठ करून लोकांची तोंडं बघत बसायचे. रंगमंचावरचा उजेड पुढच्या पाच-सहा रांगांवर पडतो, तेवढा त्यांना पुरायचा. मांडीवर वही आणि हातात पेन्सिलीचा तुकडा असायचा. एकदा मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तक्रार केली की हा गृहस्थ मघापासून माझ्याकडे टक लावून बघतोय. व्यवस्थापक आला, त्यानं मास्तरांना दंडाला धरून उठवलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही दुसऱ्या अंकात डोळे पुसलेत ते नायिकेसाठी की घरची काही आठवण झाली, एवढंच सांगा. मी निघतो." बाईंच्या यजमानांनी पुढे काय केलं ते मास्तरांनी मला सांगितलं नाही. पण त्यानंतर त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असायची.

गिरगावात खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर आमची चाळ होती. तिसऱ्या मजल्यावर, नळाशेजारच्या शेवटच्या खोलीत मास्तर एकटे राहायचे. एका शाळेत इंग्रजी शिकवायचे, खानावळीत जेवायचे आणि उरलेला सगळा वेळ एका पुस्तकाच्या तयारीत घालवायचे. एका जुन्या इंग्रजी शोकांतिकेचा त्यांना आपल्या रसशास्त्रानं अर्थ लावायचा होता. शोकांतिका सगळ्या जगाला माहीत असलेली: परक्या राज्याच्या पदरी असलेला काळा सेनापती, त्याची गोरी बायको, त्याचे कान भरणारा हाताखालचा माणूस आणि एक रुमाल. मास्तर तिला नुसतं 'आपलं नाटक' म्हणायचे. दर रविवारी सकाळी आठ वाजता त्यांच्या खोलीत 'आपल्या नाटका'चा वर्ग भरायचा. सुरुवातीला सात-आठ जण होते. शेवटी आम्ही दोघंच उरलो, मी आणि शांताराम.

त्यांच्याजवळच्या नाटकाच्या प्रतीत शेवटचा अंक सुईदोऱ्यानं शिवून टाकलेला होता. पानांच्या कडांना चांगली धावदोऱ्याची शिवण होती. का, विचारलं तर म्हणायचे, "आपल्याकडे रंगमंचावर मरण दाखवत नाहीत. मग ते वाचायचं तरी कशाला? चार अंकांत जे कळलं नाही ते प्रेतं मोजून कळणार आहे का?" मी निमूटपणे चार अंक वाचले. शांतारामनं मात्र फुटपाथवरून दुसरी प्रत आणली आणि पाचवा अंक वाचून टाकला.

रसाविषयी ते नेहमी म्हणायचे, "रस ताटात नसतो, खाणाऱ्याच्या जिभेवर असतो. नटाकडे बघून तुम्हाला ताट दिसेल. मला जीभ बघायचीय." म्हणून ती उलटी खुर्ची. आपल्या जुन्या आचार्यांनी मनातल्या भावाच्या आठ खुणा सांगितल्यात, अंगावर आपोआप उमटणाऱ्या. अंग ताठणं, घाम, काटा येणं, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं, आसवं आणि शुद्ध हरपणं. मास्तरांचा त्या खुणांवर देवावर असावा तसा विश्वास. माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण घाम खोटा येत नाही म्हणायचे.

हा विश्वास त्यांना कुठंही गप्प बसू देत नसे. चाळीच्या समितीचे सर्वेसर्वा नाना. त्यांची आई गेली तेव्हा सगळी चाळ खाली जमली होती, आणि मास्तर जिन्याच्या कोपऱ्यात उभे राहून लिहीत होते. वर आल्यावर मला सांगितलं, "हा नुसता शोक. करुण नव्हे. शोक घरात होतो, तिथं माणूस आपलं माणूस धरून रडतो. करुणात आपलं-परकं सुटतं." एवढ्यावर थांबते तर ठीक होतं. तेराव्याला त्यांनी हेच नानांना समजावून सांगितलं. नानांनी हात जोडून त्यांना पानावर बसवलं. पण नाना विसरणाऱ्यांतले नव्हते.

आता शांतारामविषयी सांगायला हवं, आणि खरं सांगायचं तर हे सांगणं मी इतकी वर्षं टाळत आलोय.

शांताराम डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा. गिरणीत रिंग खात्यात, सूतकताईच्या कामाला होता आणि पाळ्या सांभाळून बी.ए. करत होता. त्याच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धर्म घेतला होता. तो रविवारी आमच्या जिन्यानं वर यायला लागला तेव्हा दोन-तीन दारं मुद्दाम वाजवून लावली गेली. एका बाईंनी नळावरची कळशी आत घेतली. मास्तरांनी दुसऱ्या रविवारी वर्ग खोलीतून काढून बाहेर गॅलरीत भरवला, बरोबर त्या बाईंच्या दारासमोर, आणि शांतारामला आपल्या तांब्यानं पाणी दिलं. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना ते विसरायला होईल.

मास्तरांचं म्हणणं असं की त्या नाटकातला सेनापती मत्सरापायी बुडाला असं इंग्रज म्हणतात, ते साफ चूक. "तो बुडाला कारण तो वाईट प्रेक्षक आहे. त्याला एकानं नाटक करून दाखवलं, ते त्यानं खरं मानलं. आणि खऱ्या बायकोचा चेहरा समोर होता, तो त्याला वाचता आला नाही." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "शंका हा संचारी भाव आहे. ती येते, जाते. आली तर येऊ द्या, तिच्यासाठी पाट मांडू नका."

शांताराम एकदा म्हणाला, "मास्तर, पण शंका त्याच्या मनात नव्हतीच. ती त्या गावाच्या मनात होती. हा काळा, बाहेरचा, ह्याला अशी बायको मिळतेच कशी? गाव हेच म्हणत होतं. कान भरणाऱ्यानं नवीन काय सांगितलं?"

मास्तरांनी वहीतलं एक कोरं पान काढून त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "हे शास्त्रात नाही. पण तू लिहून ठेव."

दुसऱ्या एका रविवारी साधारणीकरणाचा विषय होता. नाटक बघताना माणूस मी कोण, कुठला हे विसरतो आणि म्हणून त्याला रस मिळतो, असं मास्तर रंगून सांगत होते. शांताराम हसला. "विसरायला काय, आम्ही पण विसरतो. पण खेळ सुटल्यावर बाहेर कुणी ना कुणी आठवण करून देतंच की. तुम्हाला कुणी देत नाही, म्हणून तुमचं शास्त्र सोपं आहे."

ह्यावर मास्तर इतके खूश झाले की त्यांनी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. मी तीन वर्षं त्यांच्यासमोर बसत होतो. माझ्या पाठीवर थाप कधी पडली नव्हती. महिन्याभरानं त्यांनी जाहीर केलं की पुस्तकाची टिपणं आता एकत्र करायची, मुद्रणप्रत शांताराम लिहील आणि प्रस्तावनेत त्याचं नाव येईल. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू दौत-टाक बघ." मी हसून हो म्हणालो. ते हसू मास्तरांनी वाचलं नाही, किंवा वाचून सोडून दिलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गोळीबार होऊन गेला होता. गल्लीगल्लीत पत्रकं वाटली जात, आणि पत्रकं वाटणारा प्रत्येक जण समोरच्याला आधी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचा. साध्या कपड्यातले पोलीस सगळीकडे आहेत, असं सगळेच म्हणत. नाक्यावरच्या नव्या चांभाराचे स्वतःचे बूट फारच चांगले आहेत, ह्यावर आमच्या चाळीत दोन दिवस चर्चा झाली होती. शेवटी तो चांभारच निघाला. माझा स्वभाव मुळात संशयी. दूध घेतलं की मी ते उजेडात धरून बघणारा माणूस. त्या दिवसांत माझ्यासारख्यांचं पीक आलं होतं, आणि आम्हाला लोक जागरूक म्हणत.

अशा दिवसांत मास्तर सभांना जायला लागले. राजकारणाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. मुंबई कुणाला मिळणार ह्यापेक्षा वीररसाला घाम येतो की काटा, ह्याची त्यांना काळजी. "नाटकगृहात पाचशे माणसं. इथं लाखभर. एवढ्या जिभा मला कुठं मिळणार?" चौपाटीवरच्या सभेत ते व्यासपीठाच्या कठड्याला टेकून, वक्त्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि गर्दीकडे बघून लिहायचे. वक्ता महाराष्ट्रासाठी रक्त आटवतोय, लोक घोषणा देतायत, आणि हा बंद गळ्याच्या कोटातला माणूस एकेकाचं तोंड बघून वहीत टिपतोय. दोन वेळा लोकांनी त्यांना हटकलं. एकदा टोपी उडाली. मी म्हणालो, "मास्तर, लोक भलतंच समजतील." ते म्हणाले, "समजू दे. जाईल."

मग नानांचा पुतण्या पकडला गेला. सभेनंतर मोर्चा निघाला होता, त्यावर लाठ्या चालल्या, पळापळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस थेट आमच्या चाळीत, थेट त्याच्या दारात. नाव, खोली, सगळं त्यांना ठाऊक होतं. पोरगं एकोणीस वर्षांचं. त्याची आई, नानांच्या वहिनी, पायरीवर बसून राहिल्या, त्यांना उठवेना. दिवसभर चाळीत एकच प्रश्न होता: नाव कुणी दिलं?

त्या रविवारी मी वर्गाला लवकर गेलो. मास्तर नळावर होते. वही पाटावर उघडी पडली होती. मी वाचलं. अक्षर बारीक, पण स्पष्ट होतं. "चौपाटी. डावीकडचा दिव्याचा खांब. पांढरी टोपी, उजव्या भुवईवर वण. घोषणेच्या वेळी कंप, तीनदा. आवाज फुटला. (नानांचा पुतण्या.)"

मला ठाऊक होतं ह्या टिपणाचा अर्थ काय. तीन वर्षं मी तेच शिकत होतो. तरीही माझ्या मनात आलं: कोण जाणे. इतकी वर्षं एकटा राहणारा माणूस. इतक्या वह्या. त्या नाटकासाठी इतक्या वह्या लागतात? आणि प्रस्तावनेत शांतारामचं नाव, हेही मनात आलं. संशयानं गेलो की आकसानं, हे मला आजही सांगता येत नाही. पण मास्तर नळावरून यायच्या आत मी जिना उतरलो आणि नानांना सांगितलं, "वही बघा एकदा." एवढंच. त्यापुढे सांगायची गरजच पडली नाही.

तासाभरात चाळ खाली चौकात जमली. चाळीसएक माणसं असतील. मास्तरांना खाली बोलावलं, वह्या वरून आणवल्या. शांताराम तेवढ्यात वर्गाला आला होता, तोही जिन्याशी उभा राहिला. नानांनी ते टिपण मोठ्यानं वाचून दाखवलं.

"हे काय आहे मास्तर?"

मास्तरांचा चेहरा उजळला. मी खोटं सांगत नाही, खरोखर उजळला. इतक्या लोकांनी त्यांना त्यांच्या विषयाबद्दल पहिल्यांदाच विचारलं होतं. ते आठ खुणा समजावून सांगायला लागले. स्थायी भाव, संचारी भाव, घाम, काटा. कुणी तरी मागून म्हणालं, "आमची पोरं तुरुंगात आणि हे काटे मोजतायत." मास्तर म्हणाले, "मोजत नाही, ओळखतो." त्यावर गोंधळ झाला.

"नाव कशाला लिहिलं?" नानांनी विचारलं.

"ओळखीचा चेहरा होता म्हणून. बाकीच्यांची नावं मला ठाऊक नाहीत."

"म्हणजे ठाऊक असती तर लिहिली असती."

"अर्थात," मास्तर म्हणाले.

तेव्हा शांताराम पुढे झाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "नाना, मी बोलू? ह्या वहीत मी पण आहे. मागच्या सभेत मी रडलो, ते लिहिलंय बघा. मास्तर पोलिसांचे असते तर मी इथं उभा असतो का? हे पुस्तकासाठी आहे. मी स्वतः लिहितोय ते पुस्तक..." पुढे त्याचा आवाज फुटला. हात थरथरत होते, ते त्यानं पाठीमागे घेतले.

"तू इथला नाहीस," एक जण म्हणाला. "तू बाजूला हो."

"मी बाजूला होतो. पण ह्यालाही विचारा ना," माझ्याकडे बघून शांताराम म्हणाला. "हा इथलाच आहे. तीन वर्षं आहे वर्गात. सांग रे त्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, भीतीनं. मी काही बोललो नाही.

नाना म्हणाले, "त्याला कशाला विचारायचं? आम्हाला कळलंय ते तुमच्याच वर्गातून कळलंय, मास्तर." मास्तरांनी मान वळवली. आधी शांतारामकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा शांतारामकडे. त्यांना आयुष्यभर जे यायचं तेच ते करत होते.

नानांच्या दाराशी आंघोळीचा बंब पेटलेला होता. वह्या एकेक करून त्यात गेल्या. अकरा वर्षांचं काम. मास्तर पुढे झाले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "नाटकाची प्रत ठेवा, ती शाळेची आहे." ती त्यांना परत मिळाली. पंधरा दिवसांत त्यांनी खोली सोडली.

पुतण्या दीड महिन्यानं सुटून आला, तेव्हा कळलं की पळताना त्याची छत्री तिथंच पडली होती. तेव्हा छत्रीवर पांढऱ्या रंगानं नाव आणि चाळीचा पत्ता घालायची पद्धत होती, हरवू नये म्हणून. पोलिसांनी छत्री वाचली होती. चाळीत ह्यावर फारसं कुणी बोललं नाही. नाना म्हणाले, "तरी पण तो माणूस बरा नव्हताच."

मी शांतारामला काही सांगितलं नाही. वर्ग सोडून गेलेल्या जुन्यांपैकी कुणी तरी नानांना सांगितलं असणार, अशी त्याची समजूत होती. तो दर महिन्याला मास्तरांना पोस्टकार्ड पाठवायचा. उत्तर यायचं नाही. मला विचारायचा, "त्यांना काय झालंय रे? तुला लिहितात का?" मी नाही म्हणायचो, आणि ते खरंच होतं.

राज्य झालं, पेढे वाटले गेले, त्यानंतरच्या वर्षी मी मास्तरांना शोधत नायगावला गेलो. कबूल करायलाच गेलो होतो, ह्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा. भाच्याकडे राहत होते. त्यांनी दार अर्धं उघडून आधी माझ्यामागे जिन्यावर कुणी आहे का ते बघितलं, मग आत घेतलं. खोलीत वही नव्हती, पेन्सिल नव्हती. खिडकी लावून घेतली. चहा स्वतः केला.

"लिहिता की नाही?" मी विचारलं.

"नाही. कागद घरात ठेवू नये." मग जरा वेळानं म्हणाले, "तो अजून पत्रं पाठवतो. मी फोडत नाही."

"पोस्टकार्डं फोडावी लागत नाहीत मास्तर," मी म्हणालो.

"वाचत नाही, असं म्हण." ते माझ्याकडे वाकले. आवाज खाली आणला. "मी त्या दिवशी बघत होतो. त्याला घाम फुटला होता, हात कापत होते, आवाज फुटला. निर्दोष माणसाला इतक्या खुणा एकदम होत नाहीत. आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्या चौकात एकट्या तुझ्या. ते मी विसरणार नाही."

मी कपाकडे बघत राहिलो. परक्या चाळीत, चाळीस माणसांसमोर, ज्यांनी त्याला पाहून कळशी आत घेतली होती त्यांच्यासमोर एकट्यानं उभं राहिलं तर कुणाचेही हात कापतील, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दुसरं वाक्य माझ्याविषयीचं. दोन्ही तोंडापर्यंत आली होती.

"तू भोळा आहेस म्हणून सांगतो," मास्तर म्हणाले. "त्याच्यापासून जपून राहा."

मी म्हणालो, "हो."

पुढच्या वर्षी मास्तर गेले. शांतारामला मीच कळवलं. तो ओक्साबोक्शी रडला आणि म्हणाला, माझं काय चुकलं तेवढं तरी विचारायला हवं होतं. तो पुढे प्राध्यापक झाला, मुलांना तेच नाटक शिकवलं, पाचही अंक. आमची मैत्री शेवटपर्यंत टिकली. गेल्या वर्षी तो वारला. डिलाईल रोडला शोकसभा होती. त्याची बायको म्हणाली, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र, तुम्हीच बोला. मी वीस मिनिटं बोललो. मास्तरांविषयी बोललो, त्या वर्गाविषयी, शांतारामच्या धीटपणाविषयी बोललो. लोकांना फार आवडलं. माझा आवाज एकदाही फुटला नाही.